नऊ वाजता यंत्र काय तपासतं

डेन्मार्कहून आलेल्या बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा ट्राउगोट माइखलेला तो इतका सोपा वाटला, की त्याने उत्तराची घाईच केली नाही. आधी त्यांच्या कपात कॉफी ओतली, लोण्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि मग हसत म्हणाला, "काय तपासतं म्हणजे? स्वतःला तपासतं."

"ते मी तुमच्या माहितीपत्रकात वाचलं," बोडिल राव्न म्हणाल्या. "रोज नऊला यंत्र आपला हात आवरून घेतं आणि पाव तास स्वतःची तपासणी करतं. पण तपासतं काय? तेल? तारा? सांधे? आमच्या सगळ्या डेअऱ्यांत लोण्याची पाकिटं भरायला तुमची यंत्रं घेतली, तर रोज पाव तास लोणी थांबणार. का थांबणार, ते मला आमच्या मंडळाला सांगावं लागेल. तुम्ही एका कागदावर लिहा आणि खाली सही करा. पुढच्या आठवड्यात मी परत येतेय, तेव्हा द्या."

"आजच देतो की," ट्राउगोट म्हणाला आणि त्याने एकेहार्ट बिट्झरला बोलावलं. यंत्राला 'उचल, ठेव, थांब' हे सांगणारी जी नियंत्रणपेटी, तिची सगळी जबाबदारी बिट्झरची. झोपेतून उठवून विचारलं तरी कुठल्या स्क्रूला किती आटे ते सांगेल असा माणूस. त्याने प्रश्न ऐकला, चष्मा काढून पुसला, परत घातला.

"बघून सांगतो," म्हणाला.

बिट्झरला याआधी कधी बघून सांगावं लागलं नव्हतं.

संध्याकाळी बिट्झर आला तो दार लावूनच आत आला. "साहेब, काही तपासत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. हात आवरतं, हिरवा दिवा पिवळा करतं, पाव तास गप्प उभं राहतं आणि परत कामाला लागतं. मधे काही नाही."

"असं कसं असेल? नीट बघितलंत ना?"

"बघितलं. आताची पेटी बघितली, तिच्या आधीची बघितली, तिच्याही आधीची बघितली. दर वेळी नवी पेटी केली की आम्ही हा भाग जुनीतून जसाच्या तसा उचलून ठेवलाय."

"का?"

"तुमच्या बाबांनी घातलेला म्हणून. म्हटलं, असेल काहीतरी." बिट्झर जरा थांबला. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं."

"मला वाटलं होतं तुम्हाला माहीत असेल," ट्राउगोट म्हणाला.



हा पाव तास म्हणजे माइखले कंपनीचं नाक होतं. ट्राउगोटच्या बाबांनी, गोटहिल्फ माइखले यांनी, सासऱ्याच्या शेळ्यांच्या गोठ्यात पहिली पेटी जोडली, ती गावातल्या शेवयांच्या कारखान्यासाठी. शेळ्या एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला. मग मोजे विणणारे आले, साबणवाले आले, खाटकांची मंडळी आली. शेळ्या विकल्या, गोठ्याला लागून पहिला हॉल उठला, काकांचं बटाट्याचं शेत घेऊन दुसरा, चुलतभावाचं सफरचंदाचं रान घेऊन तिसरा आणि चौथा. आता बसच्या थांब्यालाही माइखले नाव होतं आणि कंपनीची माणसं ब्राझीलपासून कोरियापर्यंत पसरली होती. जिथं जिथं यंत्र गेलं तिथं तिथं हा पाव तासही गेला. जगभरची गिऱ्हाइकं सांगत, माइखलेचं यंत्र तीस वर्षं चालतं, कारण ते रोज स्वतःकडे बघतं. स्वतःकडे बघणारं यंत्र! हे ऐकून गावच्या चर्चचा पाळक एकदा रविवारच्या प्रवचनात म्हणाला होता, की निदान माणसांनी यंत्राइतकं तरी करावं. मंडळीत बसलेल्या ट्राउगोटची मान तेव्हा ताठ झाली होती. 'स्वयंतपासणी' हा शब्द त्याचाच. शिकून आल्यावर पहिलं माहितीपत्रक त्यानेच लिहिलं होतं.

आणि आता पाचवा हॉल उभा राहिला होता, तो या बाईंच्या डेअऱ्यांच्या भरवशावर. छप्पर चढलं होतं, माणसं घेतली होती. खोटं लिहून सही केली, तर ते काम येणार आणि खरं लिहिलं, तर कदाचित ते जाणार. जाता जाता तीस वर्षांचं नावही घेऊन जाणार. खोट्यावर सही करायची तर त्याचा हात वळणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण खरं काय, तेच कुणाला माहीत नव्हतं.

त्याने लोकांना विचारायला सुरुवात केली. ती चूकच झाली. रंगखात्यातले म्हणाले, ते मोटर थंड व्हायला. विक्रीवाले म्हणाले, गिऱ्हाइकाला भरवसा वाटावा म्हणून, आणि साहेब, असले प्रश्न बाहेर विचारू नका. एका जुन्या जोडाऱ्याने आवाज खाली आणून सांगितलं, की थोरल्या साहेबांनी त्यात एक गुपित घातलंय, ते बिट्झरला सापडणं शक्य नाही. बिट्झरला हे कळलं, तेव्हापासून तो त्या जोडाऱ्याशी बोलेनासा झाला.

"ते राहू दे," ट्राउगोट म्हणाला. "दोन यंत्रं शेजारी शेजारी लावा. एकाला पाव तास द्या, एकाचा काढून घ्या. बघू काय होतं."

पहिल्या दिवशी विश्रांती न घेणारं यंत्र जास्त तापलं. बिट्झरचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी विश्रांती घेणारं जास्त तापलं. तिसऱ्या दिवशी पाचव्या हॉलच्या गवंड्यांनी चुकीची तार तोडली आणि दोन्ही यंत्रं दुपारपर्यंत विश्रांती घेत बसली.

"यातून काय समजायचं?" ट्राउगोटने विचारलं.

"गवंडी बदलायला हवा, एवढं समजलं," बिट्झर म्हणाला.

बाबांना विचारावं, हे सगळ्यांच्याच मनात येत होतं आणि कुणीच म्हणत नव्हतं. गोटहिल्फ माइखले चौऱ्याऐंशीचे. ते अजून गोठ्याच्या माडीवर राहत, कंपनीत पाऊल टाकत नसत; किल्ल्या मुलाच्या हातात दिल्या त्या दिवशी 'आता तू बघ' एवढंच बोलले होते, आणि त्यानंतर कंपनीबद्दल खरोखरच एक शब्द बोलले नव्हते. त्यांना जाऊन विचारायचं म्हणजे 'बाबा, तुमची कंपनी इतकी वर्षं मी न समजता चालवली' असं म्हणण्यासारखंच होतं. ट्राउगोटची जीभ तिथंच अडकत होती.

रविवारी दुपारी प्रार्थनाघरात बैठक होती. या बैठकीत पाळक नसतो. गावातली जाणती माणसं एका लांब टेबलाशी बसतात, ठरलेला उतारा वाचला जातो आणि ज्याला सुचेल तो त्यावर बोलतो. एकाचं बोलणं संपलं, की सगळे मिळून गीताचं एक कडवं गातात, मग दुसरा बोलतो. वाद्य नाही, काही नाही. म्हाताऱ्यांचे खर्जातले आवाज आणि मागे बायकांचे उंच आवाज एकमेकांत असे मिसळतात, की बोललेलं विसरलं तरी गायलेलं आठवडाभर अंगात राहतं. ट्राउगोट लहानपणी आईच्या मांडीवर इथंच झोपायचा. त्या दिवशी तो बायकोला, इर्मेलाला, घेऊन मागच्या बाकावर बसला होता आणि गाताना थोडा वेळ तरी त्याला डेन्मार्क आठवलं नाही.

मग बाबा उठले. ते फार क्वचित बोलत.

उतारा होता तो देवाने सहा दिवसांत जग घडवून सातव्या दिवशी विश्रांती घेतली त्याचा. "देव दमला नव्हता," बाबा सावकाश म्हणाले. "दमतो तो आपल्यासारखा. तरीही तो थांबला. मला वाटतं, केलेलं नीट दिसावं म्हणून थांबला असेल. चालत्या गाडीतून शेत दिसत नाही." आणखी एक-दोन वाक्यं बोलून ते बसले. गीत सुरू झालं. ट्राउगोटला गाता येईना. 

"ऐकलंस?" बाहेर आल्यावर तो बायकोला म्हणाला.

"काय?"

"बाबांनी उत्तर दिलं. सगळ्यांसमोर, माझं नाव न घेता. त्यांच्या कानावर गेलं असणार. पाव तास काढू नकोस, असं सांगितलं त्यांनी मला."

इर्मेलाने त्याच्याकडे पाहिलं. "मला तर ते शेताबद्दल बोलल्यासारखं वाटलं."

"तुला नाही कळायचं."

"नसेल कळत. मग विचार ना जाऊन. तुमच्या घरात तोंडं फक्त वेस्परलाच उघडतात का?"

वेस्पर म्हणजे इथली सकाळची नऊची न्याहारी. कामावरचा माणूस हातातलं टाकून पावाची पुरचुंडी उघडतो ती वेळ. ट्राउगोटने ते बोलणं कानामागे टाकलं. पण सोमवारी सकाळी तो गोठ्याची माडी चढलाच. विचारायला नाही. सांगायला, की बाबा, मी समजलो.

बाबा खिडकीशी बसून पांढऱ्या मुळ्याच्या पातळ चकत्या करत होते.

"बस," म्हणाले. "मीठ घे."

"बाबा, तो पाव तास मी ठेवतोय. बाईंनी काम दिलं नाही तरी चालेल. काल तुम्ही म्हणालात ते मी मनावर घेतलं."

बाबांची सुरी थांबली. "कुठला पाव तास?"

"यंत्राचा. नऊचा."

"नऊचा?" म्हाताऱ्याने मुलाकडे असं पाहिलं, जणू दारात कुणी परका आलाय. "ते अजून आहे?"

"सगळ्या यंत्रांत आहे, बाबा. कोरियात पाठवतो त्यांच्यातसुद्धा. तिथं त्यांच्या सोयीने साडेबाराला असतो."

"कोरियात," बाबा म्हणाले. "अरे, पण का?"

ट्राउगोटने मुळ्याची चकती उचलली, मिठात बुडवली आणि हातातच धरून ठेवली. "तुम्ही घातलात म्हणून."

"मी घातला तो तुझ्या आईसाठी." बाबांनी सुरीच्या टोकाने खालच्या गोठ्याकडे खूण केली. "पेटी तिथं, स्वयंपाकघर इथं. पेटी लावून मी तो शेवया उचलणारा यंत्राचा हात दिवसभर चालवून बघायचो. खडखडाट असा, की ती नऊला वेस्परला हाक मारायची ती ऐकूच यायची नाही. तीन-चारदा आली, घसा फोडून ओरडली, मग एक दिवस जेवणच घेऊन माहेरी गेली. म्हणजे खालीच, माझ्या सासऱ्यांकडे. मग म्हटलं, हे आपोआपच बंद होऊ दे. कारखान्याला पेटी दिली तेव्हा काढायचं विसरलो. त्यांचाही वेस्पर नऊलाच, कोण बोलणार?"

"आणि पुढच्या पेट्यांत?"

"सगळा मुलूख नऊलाच खातो. कुणाला अडचण होती?"

"पण मग नंतर, मी आल्यावर, तुम्ही का नाही सांगितलंत?"

म्हाताऱ्याने सुरी खाली ठेवली. मग जरा अवघडूनच म्हणाला, "तू ते पत्रक लिहिलंस ना. स्वयंतपासणी. मी वाचलं. म्हटलं, पोरगा शिकून आलाय, त्या रिकाम्या पाव तासात त्याने काहीतरी कामाचं घातलंय. मला काय कळतंय त्यातलं? बरं वाटलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? वाईट असतं तर बोललो असतो."

ट्राउगोट उठला आणि खिडकीशी गेला. खाली पहिल्या हॉलचं जुनं छप्पर, त्यामागे दुसरं, तिसरं, चौथं, आणि सगळ्यांत शेवटी पाचव्याचा कोरा पत्रा. वडिलांना वाटत होतं मुलाने घातलं, मुलाला वाटत होतं वडिलांनी घातलं, आणि दोघांच्या मधे हे एवढं मोठं उभं राहिलं होतं.

"आणि कालचं विश्रांतीचं बोलणं?" त्याने पाठमोराच विचारलं.

"कालचं काय? उतारा क्रमाने आला. पुढच्या रविवारी देवाने लावलेल्या बागेचा आहे."

"मग आता मी काय लिहू त्यांना?"

"जे आहे ते."

"आईची हाक ऐकू येत नव्हती म्हणून यंत्र थांबतं, असं? बाबा, आपण हे वर्षानुवर्षं तपासणी म्हणून विकलंय."

"मी नव्हतं विकलं," बाबा म्हणाले, आणि पुन्हा मुळा कापू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "खा ती. हातात सुकली."

बोडिल राव्न आल्या त्या सकाळी ट्राउगोटने त्यांना कचेरीत नेलंच नाही. सरळ चौथ्या हॉलमध्ये नेलं. नऊला पाच कमी होते. यंत्रांचे हात उचलत होते, ठेवत होते. मग एकाएकी सगळे हात अंगाशी आले, हिरवे दिवे पिवळे झाले, आणि त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये असं शांत झालं, की कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवलं तेही ऐकू आलं. माणसं बाकांवर बसली. पाव निघाला, सॉसेज निघालं, काकड्या निघाल्या. एका कोपऱ्यात कुणीतरी मान खाली घालून चार शब्द पुटपुटलं.

"आता तपासणी चालू आहे?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही," ट्राउगोट म्हणाला. "काहीच चालू नाही. हे काही तपासत नाही. कधीच तपासत नव्हतं." आणि मग त्याने सगळं सांगितलं: गोठा, आई, शेवया, पत्रक, वडील आणि तो. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. शेवटी त्याने घडी केलेला कागद काढून दिला. त्यावर एकच वाक्य होतं: रोज पाव तास आमचं यंत्र थांबतं आणि त्या वेळात ते काहीही करत नाही. खाली सही.

बाईंनी वाचलं. उलटून मागे पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच आहे."

"तुम्हाला एक सांगू?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या एका कंपनीकडूनही मी यंत्र बघतेय. त्यांचंही रोज पाव तास थांबतं. त्यांनी मला अकरा पानं दिलीत, काय काय तपासतं त्याची."

ट्राउगोटला ते क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. "त्यांनी आमच्याकडून उचललं," तो म्हणाला. "म्हणजे त्यांचंही..."

"ते मी त्यांना विचारणार आहे." त्यांनी कागद पर्समध्ये ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. "त्यांची अकरा पानं मला कळली नाहीत, पण मंडळाला आवडतील. तुमची एक ओळ मला कळली. ती मंडळापुढे कशी वाचू ते मला माहीत नाही."

"मलाही नाही माहीत," ट्राउगोट म्हणाला.

बाकावरच्या एका बाईने सरकून जागा केली आणि बोडिल राव्नना लोणी लावलेला पाव दिला. त्या बसल्या. पिवळे दिवे हिरवे होईपर्यंत त्यांनी तो खाल्ला आणि मग त्या निघून गेल्या.

फोन गुरुवारी आला. मंडळात भांडण झालं, बाई म्हणाल्या. अर्धे म्हणाले, जी कंपनी इतकी वर्षं स्वतःच्या यंत्रात काय आहे हे न बघता विकत होती, तिला दारात उभं करू नका. अर्धे म्हणाले, जी हे सहीनिशी सांगते, तिचं बाकीचं सगळं खरं असणार. शेवटी अर्ध्या डेअऱ्यांचं काम माइखलेला; पाव तास काढून टाकायचा. उरलेल्या अर्ध्यांचं पुढच्या वर्षी बघू.

ट्राउगोटने त्याच दिवशी जुन्या गिऱ्हाइकांनाही खरं कळवलं: हवं असेल तर आम्ही येऊन तो पाव तास फुकट काढून देतो. तिघे चिडले आणि त्यांनी नातं तोडलं. बाकीच्यांची उत्तरं वाचून बिट्झर डोकं धरून बसला. ब्राझीलवाल्यांनी लिहिलं, आमचं यंत्र व्यवस्थित तपासतं, कृपया हात लावू नये. कोरियावाल्यांनी विचारलं होतं, की पाव तासाची वीस मिनिटं करता येतील का.

"यांना आपण काय सांगायचं?" बिट्झर म्हणाला. "ते काही तपासत नाही, हे सांगितलं ना आपण?"

"सांगितलं."

"सहीनिशी?"

"सहीनिशी."

"मग हे झालं ते चांगलं झालं की वाईट?"

ट्राउगोट पाचव्या हॉलच्या मधोमध उभा होता. उजवीकडे लोण्याच्या यंत्रांसाठी खुणा आखलेल्या होत्या, डावीकडे नुसती मोकळी फरशी. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एक बाजू बघितली की हसू यायचं, दुसरी बघितली की ते मावळायचं. त्याने बिट्झरच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो घरी गेला.

सकाळी इर्मेला कॉफी ओतताना म्हणाली, "काल रात्रभर घोरत होतास."

"मी?" तो म्हणाला. "आठवडाभर तर डोळ्याला डोळा लागला नव्हता. हे चांगलंच म्हणायचं, नाही?"

"मला काय माहीत," इर्मेला म्हणाली. "मी जागी होते."